सात उन्हाळे माळ्यावर पडलेले बूट, बसस्टँडजवळच्या काकांची शिलाई आणि वासुकी ताल

तालुक्याच्या बसस्टँडच्या भिंतीला लागून, कडुलिंबाखाली, एक काका चपला-बूट शिवायला बसतात. चार बांबूंवर ताणलेली ताडपत्री, एक लाकडी पेटी आणि बसायला पोतं, एवढंच त्यांचं दुकान. त्यांच्याकडून मी माझे डोंगरात घालायचे बूट साडेचारशे रुपयांत दुरुस्त करून घेतले आणि तेच पायात घालून केदारनाथच्याही वर असलेल्या वासुकी ताल या तळ्यापर्यंत जाऊन आले. पहाटे साडेचारला निघालो, परतलो तेव्हा संध्याकाळचे सहा वाजत आले होते. परत आल्यापासून भजनी मंडळातल्या आणि माहेरच्या चार-पाच जणींनी विचारलं की असं काम कुठे होतं, टिकतं का, भरवसा ठेवावा का. म्हणून सगळं लिहून काढते आहे.

आधी माझ्याबद्दल थोडं. वरूड तालुक्यात आमचं गाव. घरची दोन एकर संत्रा, आणि ओसरीत माझं शिलाई मशीन. ब्लाउज, शाळेचे गणवेश, लग्नसराईत परकर-पोलकी, असं बावीस वर्षं चाललं आहे. बुटांमधलं मला काही कळत नाही, पण टाका कळतो. कुठला टाका उसवत जाईल आणि कुठला जागीच थांबेल हे बघितल्यावर सांगता येतं. या बुटांचं सगळं काम टाक्यावरच तोललेलं होतं.

बूट मी ९ वर्षांपूर्वी नागपूरला घेतले होते, घोट्यापर्यंतचे, चामड्याचे, खाली जाड नक्षीचं रबर. तेव्हा भावाबरोबर हिमालयात जायचं ठरलं होतं. चिखलदऱ्याला दोनदा घालून झाले, वैराटपर्यंत चालून पाय सरावले, आणि मग सासूबाई आजारी पडल्या. जाणं राहिलं. बूट धुऊन, पुसून, प्लास्टिकच्या पिशवीत बांधून माळ्यावर ठेवले. आमचा माळा टिनाच्या छपराखाली आहे. उन्हाळ्यात तिथे हात लावला तर चटका बसतो आणि पावसाळ्यात तिथल्या कपड्यांना वास येतो. तिथे ते सात उन्हाळे राहिले.

यंदा मंडळाच्या बायकांचं केदारनाथ ठरलं तेव्हा ते खाली काढले. वरून नव्यासारखे. सरावासाठी सालबर्डीच्या महादेवाचा डोंगर चढायला गेले, आणि निम्म्या वाटेत उजव्या पायाखालून काहीतरी गळायला लागलं. बघते तर तळ आणि वरचं चामडं यांच्यामधला थर चहात बुडवलेल्या बिस्किटासारखा सुटून पडत होता. दहा मिनिटांत अख्खा तळ हातात आला. डाव्या बुटाचंही घरी येईपर्यंत तेच झालं. त्या दिवशी सालबर्डीहून मी तळव्याला ओढणी बांधून उतरले.

हे का होतं ते नंतर समजून घेतलं, आणि ज्यांच्या घरी असे बूट पडून आहेत त्यांनीही समजून घ्यावं. चांगल्या बुटांचा मधला थर पुष्कळदा पॉलियुरेथेनचा असतो. तो मऊ असतो, धक्का झेलतो, पण हवेतला ओलावा त्याला आतून तोडत राहतो आणि उष्णतेत हे तुटणं वेगाने होतं. बूट वापरला नाही म्हणून तो थर वाचत नाही. उलट पिशवीत कोंडलेला ओलावा आणि टिनाखालची उष्णता या दोन्हींत तो लवकर जातो. माझे बूट मी जपून ठेवले असं मला वाटत होतं, आणि त्या जपण्यानेच ते गेले. आता मी ते खालच्या खोलीत, पिशवीबाहेर, आत वर्तमानपत्र कोंबून ठेवते.

नागपूरला कंपनीच्या दुकानात नेले. तिथल्या मुलाने बघितलंही नाही नीट, म्हणाला, मॅडम, हे दुरुस्त होत नसतात, नवीन घ्या. नवीन आठ हजारांच्या पुढे. यंदा आमच्या संत्र्याच्या आंबिया बहाराची फळगळ इतकी झाली होती की झाडाखाली चालताना पाय ठेवायला जागा नव्हती, त्यामुळे आठ हजार हा आकडा मी मोठ्याने उच्चारलाही नाही. आणि खरं सांगायचं तर पैशांपेक्षाही मोठी अडचण माझ्या पायाची होती. अंगठ्याच्या मुळाशी माझं हाड बाहेर आलेलं आहे. या बुटाचं चामडं त्या हाडाच्या आकाराने बसलं होतं. नवा बूट असा बसायला कितीतरी महिने चालावं लागतं, आणि माझ्या हातात पाच आठवडे होते.

काकांनी बूट हातात घेतला, उलटा केला, नखाने खरवडला, वास घेतला. मग तळाचं रबर दोन्ही हातांनी वाकवून बघितलं.

“वरचं चामडं मस्त हाये ताई. खालचं रबर बी चांगलं हाये. मधातलाच मसाला मेला.”

मी म्हटलं, कंपनीवाले म्हणतात दुरुस्त होत नाही.

“त्यायले नवे इकाचे हायेत.” मग विचारलं, “जाता कुठं?”

“केदारनाथला.”

“तिथं त घोडे भेटतात.”

“त्याच्याही वर जायचं काका. वर तळं आहे, तिथपर्यंत.”

“थंडी किती राह्यते?”

“पाणी गोठतं.”

ते बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, “मंग नुसत्या सोल्युशनवर नाही जमत. थंडीत सोल्युशन कडक होते अन् पापड निघावा तसा सोल निघते. चौफेर शिवाच लागते. तीन दिवस द्या.”

पहिला गुण मी त्यांना इथेच दिला. पायात काय घालायचं हे विचारणारे पुष्कळ असतात. कुठे चालायचं, किती थंडीत चालायचं, हे त्यांनी विचारलं आणि त्यावरून कामाची पद्धत ठरवली.

तिसऱ्या दिवशी मी मुद्दाम दोन तास लवकर गेले आणि शेजारी बसून काम बघितलं. मेलेला थर त्यांनी रापीने खरवडून पार काढला होता, रबराच्या आतल्या नक्षीत अडकलेले कण सुद्धा. दोन्ही पृष्ठभाग कानशीने खडबडीत केले. मधल्या थरासाठी दोन तुकडे कापले, पायाकडे थोडा मऊ आणि खाली कडक, टाचेशी जाड आणि पुढे उतरता. सोल्युशन लावून लगेच चिकटवलं नाही. बोट लावून बघत राहिले, बोटाला ओढ लागेना झाली तेव्हा दाबलं, हातोडीने ठोकलं आणि दगडाखाली ठेवलं. मग शिलाई. मेण घासलेला नायलॉनचा जाड दोरा, आरीने भोक, आणि प्रत्येक भोकातून दोन दोरे एकमेकांना अडकवून ओढायचे.

हा टाका बघून माझा जीव भांड्यात पडला. साखळीचा टाका असता तर एक तुटला की ओळीने सगळे उसवत गेले असते. धान्याच्या पोत्याचा दोरा ओढला की सर्रकन उघडतं, तसं. अडकवलेल्या टाक्यात एक तुटला तर शेजारचा आपली जागा सोडत नाही. माझ्या मशीनचा टाकाही असाच आहे, वरचा दोरा आणि खालच्या बॉबिनचा दोरा. इंचाला चार टाके पडत होते. मी जास्त मागितले, तर म्हणाले की भोकं जवळ आली की चामडं तिथूनच फाटतं. बरोबर होतं. रेक्झिनच्या पिशव्या शिवताना मीही टाका मोठाच ठेवते.

बूट थोडे जड झाले. किराणा दुकानाच्या काट्यावर एक बूट ६१० ग्रॅम भरला. तुटण्याआधी किती होता ते मोजलेलं नव्हतं, पण पायाला फरक कळत होता. तीन आठवडे रोज पहाटे वावराच्या धुऱ्यावरून आणि रविवारी सालबर्डीला, पाठीवर आठ किलो संत्री घेऊन चालले. दिवाळीचे कपडे त्याआधीच शिवून दिले होते, रात्री जागून.

प्रवासाबद्दल फार लिहीत नाही. नागपूरहून दिल्ली, हरिद्वार, मग रुद्रप्रयाग, गुप्तकाशी करत सोनप्रयाग. चारधामची नोंदणी घरूनच केली होती. गौरीकुंडापासून केदारनाथ १६ किलोमीटर, ते अकरा जणी, भाऊ आणि भाचा असे सगळे चाललो. वाट फरसबंद आहे, बुटांची तिथे परीक्षा नव्हतीच. केदारनाथची उंची ३,५८३ मीटर. आमच्या विदर्भातलं सगळ्यात उंच म्हणून ज्या वैराटवर मी सराव केला त्याच्या तिप्पट. पहिल्या रात्री डोकं दुखलं, झोप लागली नाही. म्हणून दुसरा दिवस हळूहळू हिंडण्यात घालवला, आणि ज्यांना वर जायचं आहे त्यांनी तो एक दिवस वाचवायला जाऊ नये.

त्या दिवशी दुपारी भाचा, मी आणि आमचा गाइड असे तिघं मंदिरामागे चोराबारी हिमनदीच्या तोंडाकडे गेलो. गाइड उखीमठकडच्या गावातला, तिशीचा मुलगा, मला पहिल्यापासून दीदी म्हणायचा. मंदिरामागची भीमशिला, २०१३ च्या पुरात वाहत येऊन तिथे थांबलेली मोठी शिळा, सगळ्यांना माहीत आहे. तिच्या मागून वर जी वाट जाते तिथे पूर्वी गांधी सरोवर होतं. १९४८ मध्ये गांधीजींच्या अस्थी तिथे विसर्जित केल्या, म्हणून ते नाव. जून २०१३ मध्ये तिथे एका दिवसात सव्वातीनशे मिलिमीटर पाऊस झाला. आमच्या भागात सगळ्या मोसमात आठ-नऊशे होतो, त्यावरून मला अंदाज आला. वरून बर्फही वितळत होता. सरोवराला दगडमातीचा जो नैसर्गिक बांध होता तो १७ जूनच्या सकाळी फुटला आणि ते पाणी खाली केदारनाथवर आलं. आज तिथे दगडधोंड्यांचा कोरडा खळगा आहे. गाइडच्या मामाचं दुकान त्या पुरात गेलं. त्याने ते एका वाक्यात सांगितलं आणि पुढे चालू लागला. आम्ही काही विचारलं नाही.

हिमनदी पांढरीशुभ्र असेल असं मला वाटायचं. ती राखाडी आहे. बर्फावर दगडांचा आणि रेतीचा इतका थर साचलेला की ते नांगरून पडलेलं वावर वाटतं, आणि मधेच एखाद्या कापात हिरवट निळा बर्फ दिसतो. बाजूला तिने ढकलून आणलेल्या दगडांचे उंच बांध आहेत, भूगोलाच्या पुस्तकात त्यांना हिमोढ म्हणतात. त्यावरचा एकही दगड बसलेला नसतो. पाय ठेवला की सरकतो, सरकला की बुटाच्या कडेला घासतो. बुटाची पहिली खरी कसोटी तीच. दीड तास आम्ही त्या दगडांवर होतो. खोलीवर आल्यावर मी विजेरी लावून एकूण एक टाका तपासला. दोरा राखाडी झाला होता, सुटला कुठेच नव्हता.

वहिनीने रात्री जेवताना विषय काढला. “ताई, देवदर्शन झालं ना, आता कायले जिवाले त्रास?” मी म्हटलं, नऊ वर्षं झाली गं. ती पुढे बोलली नाही. पहाटे उठून तिनेच माझ्या डब्यात दशम्या आणि जवसाची चटणी भरली.

कोजागिरी आदल्या रात्री झाली होती. साडेचारला बाहेर आलो तर बादलीतल्या पाण्यावर बर्फाची साय. चंद्र पश्चिमेच्या धारेमागे कललेला, त्यामुळे समोरच्या पूर्वेच्या कड्यांवर लख्ख चांदणं आणि आमची चढण मात्र काळ्या सावलीत. वासुकी ताल केदारनाथहून साधारण आठ किलोमीटर आणि ४,१३५ मीटर उंचीवर आहे. आकडे ऐकून सोपं वाटतं. पण वाट आधी धारेवर चढते, तळ्यापेक्षाही उंच जाते, मग पलीकडे उतरते, आणि परतताना तीच धार पुन्हा चढावी लागते. हा सगळा भाग केदारनाथ वन्यजीव अभयारण्यात येतो, कस्तुरीमृगांसाठी १९७२ मध्ये केलेल्या. वाटेत पाटी नाही, टपरी नाही, कित्येक ठिकाणी वाटही नाही. गाइडशिवाय जाऊ नका. आम्ही त्याला दिवसाचे दोन हजार दिले आणि ते योग्य होते.

बुटांचा पहिला दोष दूधगंगेच्या ओढ्यावर कळला. ओढ्यातल्या दगडांवर रात्रीच्या तुषारांचा काचेसारखा पापुद्रा गोठलेला होता. विजेरीच्या उजेडात तो दिसतही नव्हता. माझं खालचं रबर ९ वर्षांचं. नक्षी शाबूत होती, पण रबर म्हातारं झालं की कडक होतं, आणि कडक रबर ओल्या दगडाला धरत नाही. उजवा पाय घसरला आणि घोट्यापर्यंत पाण्यात गेला. गाइडने दंडाला धरलं म्हणून फक्त पायच गेला. याचा दोष काकांना देता येत नाही, रबर मीच तेच ठेवायला सांगितलं होतं. पण ज्यांचे बूट इतके जुने आहेत त्यांनी पैसे खर्चून तळही नवा लावून घ्यावा. मी चुकले.

दुसरा दोष त्याच क्षणी कळला, आणि हा मात्र शिलाईचा. बुटात पाणी शिरलं. बूट पूर्वी ओढ्यातून गेला तरी आतून कोरडा राहायचा. आता बाहेरच्या बाजूने, करंगळीपाशी, गार सुई टोचावी तसं पाणी आत आलं. सुईचं प्रत्येक भोक ही पाण्याची वाट असते. रेनकोट शिवताना आम्ही शिवणीवर आतून पट्टी चिकटवतो ती त्यासाठीच. मेण लावलेला दोरा भोक बराच भरतो, पण चालून चालून दोरा आणि भोक यांच्यात फट पडते. हे मला आधी सुचायला हवं होतं. दगडावर बसून मोजा बदलला, त्यावर दुधाची रिकामी पिशवी चढवली आणि पाय पुन्हा बुटात घातला. पिशव्या मी बांगड्यांच्या डब्याइतक्या जपून नेल्या होत्या. तुम्हीही चार घेऊन जा.

नंतरची चढण. तिचं वर्णन मला नीट करता येईल असं वाटत नाही. गवताचा उभा उतार, गवत तांब्याच्या रंगाचं, पात्या-पात्यावर दहिवर गोठलेलं, आणि त्यात नागमोडी पुसट पायवाट. त्या उंचीवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या साठ टक्क्यांच्या आसपास असतो, म्हणजे प्रत्येक श्वासात प्राणवायूही त्याच प्रमाणात कमी. मी चाळीस पावलं मोजायची आणि थांबायची. मशीनचं पायडल मारताना जशी लय धरते तशीच धरली. घाई केली की दोरा तुटतो, इथे दम तुटत होता. पहिला तासभर नवा मधला थर चवड्याशी वाकायला तयार नव्हता आणि टाच वर-खाली होत होती. टाचेला कापडी चिकटपट्टी लावली, लेस घोट्याशी पुन्हा आवळल्या, मग जमलं. फोड आला नाही.

साडेसहाच्या सुमाराला केदारनाथ शिखरावर ऊन आलं. ६,९४० मीटरचं ते शिखर आधी गुलाबी, मग पिवळं झालं. ऊन तिथून उतरत आमच्यापर्यंत यायला चांगला दीड तास लागला. भाच्याने फोटो काढले. माझी बोटं इतकी बधिर होती की मी नुसती बघत राहिले. उतारावर ब्रह्मकमळाची वाळलेली बोंडं उभी होती. फुलायचे दिवस श्रावण-भाद्रपदातले. शरदात फक्त कागदासारख्या पाकळ्यांचा खुळखुळाट.

धारेवर पोचल्यावर मागे वळून बघितलं. कालची हिमनदी पूर्ण दिसत होती, शिखराच्या पायथ्यापासून खाली वळत आलेली राखाडी पट्टी, तिच्या कडेला सरोवराचा तो रिता खळगा, आणि त्याच्या सरळ रेषेत केदारनाथची छपरं, हरभऱ्याच्या डाळीएवढी. पाणी कोणत्या वाटेने आलं असेल हे वरून इतकं स्पष्ट दिसतं की माझ्याने तिकडे फार वेळ बघवलं नाही.

धारेपलीकडे मोठमोठ्या शिळांचा पट्टा लागतो. या पट्ट्यात मात्र माझ्या बुटांनी मला जिंकून दिलं. शिळेच्या धारेवर पाय आडवा पडला की मऊ बूट मुडपतो आणि घोटा जातो. माझा कडक झालेला मधला थर मुडपला नाही. पहाटे ज्या कडकपणाने टाच छळली त्यानेच इथे पाय सांभाळला. भाच्याचे बूट नवे, महागाचे, पण पळायचे. त्याला दर शिळेवर जपून पाय टाकावा लागत होता, आणि मी त्याच्या पुढे गेले.

सव्वादहाला तळं दिसलं. खाली, चहूबाजूंनी दगडांची कढई आणि तिच्यात निळं पाणी. निळंही नाही, मोरपिशी आणि काळ्याच्या मधलं. कडेला सावलीतल्या भागात बर्फाचे पातळ तुकडे एकमेकांवर आपटून किणकिणत होते, तो एकच आवाज. दूर पूर्वेकडे चौखंबा शिखर. या तळ्यातून निघणारा प्रवाहच खाली सोनप्रयागला मंदाकिनीला मिळतो. आम्ही जीपमध्ये बसलो तिथे जे पाणी खळाळत होतं ते इथलं, हे कळल्यावर मला फार बरं वाटलं. विष्णूने राखीपौर्णिमेला इथे स्नान केलं अशी श्रद्धा आहे. मी पाण्याला हात लावला आणि डोळ्यांना लावला. दशम्या खाल्ल्या. घरची चार संत्री नेली होती, अजून पुरती पिवळी न झालेली. गाइडने एक सोलून खाल्लं आणि दुसरं खिशात ठेवलं, मुलीसाठी. सालं आम्ही पिशवीत परत आणली.

पाऊण तास बसलो. अजून बसले असते, पण गाइडने उठवलं. दुपारी खालून ढग चढतात आणि ढगात शिळांमधली वाट सापडत नाही. त्याचं म्हणणं खरं ठरलं. आम्ही धार उतरायला लागलो तेव्हा तळ्याची बाजू पांढरी झाली होती.

उतार हा गुडघ्यांचा आणि बुटाच्या नाकाचा काळ. प्रत्येक पावलाला पंजा पुढे आपटतो. शिळांमध्ये एकदा डाव्या बुटाचं नाक फटीत अडकलं आणि मी जोराने ओढलं. कर्र आवाज झाला. खाली बसून बघितलं, पुढच्या वळणावर तीन टाके तुटले होते. तीनच. चौथा आपल्या जागी घट्ट होता. सालबर्डीला दहा मिनिटांत तळ हातात आला होता, इथे अजून चार तासांची वाट होती. मी बोटाने चौथा टाका दाबून बघितला, उठले आणि चालले. केदारनाथला पोचेपर्यंत तो चौथा तसाच होता. वहिनी पुलापर्यंत आली होती, हातात चहाचा थर्मास घेऊन. तिने आधी माझ्या तोंडाकडे आणि मग पायांकडे बघितलं.

गावी आल्यावर दुसऱ्याच दिवशी काकांकडे गेले. बूट मुद्दाम धुतले नव्हते. त्यांनी बूट मांडीवर घेतला, तुटलेल्या जागी आरीचं टोक घातलं तर आतून बारीक राखाडी भुकटी पोत्यावर सांडली. ती हिमनदीने दळलेल्या दगडाची. त्यांनी चिमटीत घेऊन चोळली.

“हे त सिमेटावानी हाये.”

मी सांगितलं, बर्फ सरकताना खालचा दगड दळला जातो, त्याचं पीठ आहे. त्यांनी ती भुकटी पोत्यावरून झटकली नाही. मग पाणी कुठून शिरलं ते विचारलं, मी जागा दाखवली. त्यांनी पेटीतून दुसरा एक बूट काढला, कुणाचा तरी शिवायला आलेला, आणि मला दाखवत विचारलं की शिलाई रबराच्या कडेत खोबणी कापून, खालच्या अंगाने घेतली आणि वरून सोल्युशनची पट्टी ओढली तर चालेल का. मी म्हटलं, रेनकोटात आम्ही हेच करतो. तीन टाके त्यांनी तिथेच घातले. पैसे घेतले नाहीत.

कामाला मी पाचपैकी चार देईन. एक गुण पाण्याचा कापला आहे. तुम्ही जाल तेव्हा ज्या मोज्यांवर चालणार ते मोजे घालून जा, कुठे चालणार ते सांगा, आणि निघायच्या निदान महिनाभर आधी जा, म्हणजे नवा थर पायाला सरावेल. तळाचं रबर जुनं असेल तर तेही बदलायला सांगा. खोबणीतली शिलाई आणि वरची पट्टी मागून घ्या. तिचे पन्नास रुपये जास्त पडतील असं ते म्हणाले. सकाळी नऊनंतर बसतात, पाऊस असला की बसत नाहीत.